नदीकाठची उलटी झाडं

२ मार्च

चि. भिंगरीस आजीचे अ. आ.

पत्र पोचलं. नव्या घरातली बैठकीची भिंत तू माझ्या चित्रासाठी अडवून धरलीयेस आणि तुझ्या सासूबाईंना तिथे घड्याळ हवंय, हे वाचलं. रविवारपर्यंत थांबते म्हणाल्या, तर चांगल्याच आहेत बाई. माझी सासू तासभर थांबली नसती.

चित्रकलेच्या वर्गात मास्तर जुन्या पद्धतीचं चित्र शिकवतात. मधे नदी, दोन्ही काठांना झाडं. नदी जमली, झाडांपाशी घोडं अडलंय. जन्मभर कपडे शिवले, दोन बाह्या सारख्याच यायला हव्यात ही खोड जात नाही. मास्तर म्हणतात, आजी, तुमची झाडं गणवेशात उभी आहेत. तुझे आजोबा तर हजेरी घेऊ का विचारतात. हसू देत.

भिंत मात्र सोडू नकोस. मी शिवलेलं सगळं लोकांनी वापरून फाडलं. माझ्या हातचं एक तरी काही भिंतीवर टिकावं, असं फार वाटतं गं.

तुझ्यावर जीव असलेली,
आजी

५ मार्च

चि. भिंगरीस अ. आ.

चित्र सोबत आहे, पण आधी त्याची गंमत ऐक. पलीकडच्या काठाची झाडं झाली. अलीकडे तश्शीच हवीत, म्हणून खडूची खूण उतरवायला कापड दुमडतो ना, तसा ओला कागद नदीवर दुमडला आणि वरून थापटला. उघडते तर सगळी झाडं डोक्यावर उभी. रडूच आलं.

मास्तरांनी कागद उचलून उजेडात धरला. म्हणाले, पाण्यातलं प्रतिबिंब महिनाभर शिकवतोय, ते हेच. मग काय, अलीकडचा काठ रद्द. ओल्या कुंचल्याचे आडवे हात मारले आणि सगळं पाणीच करून टाकलं. सासूबाईंना आवडतंय का, खरं खरं कळव.

वाट बघणारी,
आजी

१० मार्च

ती. आजीस सा. न. वि. वि.

चित्र शनिवारीच मिळालं. यांनी लगेच टांगलं, आणि आम्ही दोघं लांब उभे राहून वाहवा करत बसलो. सासूबाई आल्या, बघितलं, आणि लेकाला म्हणाल्या, गाढवा, नदी आभाळात चढवलीस की. आम्हाला पटेना. तेव्हा त्यांनीच बोट ठेवून दाखवलं, पाण्यातली झाडं जराशी हलतात, काठावरची नाहीत. मग स्टूल ओढून स्वतः चढल्या आणि चित्र सरळ केलं.

घड्याळ स्वयंपाकघरात गेलंय. आल्यागेल्याला चित्र त्याच दाखवतात. आणि तू बस आता कामाला, कारण समोरच्या भिंतीवर त्यांनी काल एक रिकामा खिळा ठोकून ठेवलाय.

आजोबांना नमस्कार. माया आहे तश्शीच असू दे.

तुझी,
भिंगरी