नवमीचा ड्रेस

सरावली, बोईसर
भाद्रपद वद्य चतुर्थी

तीर्थस्वरूप राहीअक्का यांच्या पायाशी पंढरीचा नमस्कार.

मी बरा आहे. तुमचा गुडघा कसा आहे? शेकायचं मशीन पाठवलं होतं, ते वापरता की नाही? (तुमचा पुतण्या सुजित म्हणाला, मशीनच्या खोक्यात तुमची कोंबडी अंड्यावर बसली आहे. तिला तरी गुण आला असेल.) झुंबरदाजींनी तंबाखू सोडली हे ऐकून बरं वाटलं. पुन्हा धरली हेही सुजितनेच सांगितलं.

परवा तुमचा फोन आला. तुम्ही एवढंच विचारलंत, "पंढरीराव, मी ऐकलं ते खरं का?" मी "हो" म्हटलं. तुम्ही फोन ठेवलात. मग माझ्या लक्षात आलं, तुम्ही काय ऐकलं ते मी विचारलंच नव्हतं. फोनवर माझं हे असंच होतं, 'हो' आणि 'बरं' यांच्यापलीकडे गाडी जात नाही. म्हणून पत्र लिहितो आहे. सुजित उद्या गावी निघालाय, त्याच्याच हाती देतो. बातमी त्यानेच नेली, खुलासाही त्यानेच न्यावा. (पाकिटाला पिना मारल्या आहेत. उघडलेलं दिसलं तर त्याला जेवायला वाढू नका.)

सुजितला मी विचारलं. तो म्हणाला, "काका पालघरला लेडीज कपड्यांच्या दुकानात एका तरुण बाईच्या अंगाला ड्रेस लावून बघत होते, एवढंच मी काकीला सांगितलं." अक्का, यातला शब्द न् शब्द खरा आहे. तरी तुम्हाला वाटलं ते खरं नाही.

शकूला जाऊन आषाढात वर्ष झालं. वर्षाच्या आत करत नाहीत, म्हणजे येती अविधवा नवमी तिची पहिली. (बाई नवऱ्याआधी गेली तर पितृपक्षातल्या नवमीला तिच्या नावाने सवाष्ण जेवू घालायची आणि वस्त्र द्यायचं, हे मी तुम्हालाच सांगतो आहे याची मला लाज वाटते. पण कारखान्यात रिपोर्ट लिहून लिहून सगळं पहिल्यापासून सांगायची खोड लागली आहे.) गुरुजी म्हणाले, साडी-चोळी आणा. मी म्हटलं, ती साडी नेसायची नाही. खरंच नेसायची नाही, तुम्हाला माहीत आहे. औषधांच्या कंपनीत पॅकिंगला होती, स्कूटरवर जायची, पंजाबी ड्रेसशिवाय काही घालायची नाही. साडी नेसली ती लग्नात, आणि मग शेवटी तुम्ही माहेरची आणून नेसवलीत ती. निऱ्यांवरून कुरकुरली नाही अशी ती एकच वेळ.

गुरुजी म्हणाले, "वस्त्र म्हणजे वस्त्र. ड्रेस द्या. पण नुसता हातात देऊन भागायचं नाही. सवाष्णीने तो घालून पाटावर बसलं पाहिजे. तिला झाला पाहिजे." तेव्हा मी मान हलवली. पुढचं सगळं त्या मान हलवण्यातून झालं. साडीचं बरं असतं, ती कुणालाही होते. जाड, बारीक, उंच, ठेंगणी, साडी तक्रार करत नाही. ड्रेसला मात्र आत एक ठरावीक बाई लागते.

आमच्या समोरच्या स्वातीवहिनी, धुळ्याकडच्या, सवाष्ण म्हणून बसायला आनंदाने तयार झाल्या. प्रश्न मापाचा होता. मी जन्मभर कारखान्यात पाइपांची मापं घेतली. केसाएवढा फरक असला तरी माल परत पाठवतो. पण शेजारणीचं माप कोणत्या तोंडाने विचारायचं? त्यांचा ड्रेस गॅलरीत वाळत होता, तो मी आमच्या दारातून नजरेने मोजायचा प्रयत्न केला. त्यांचा नवरा हितेश आतून म्हणाला, "काय भाऊ, पाऊस येईलसा वाटतो का?" मी हो म्हटलं. कडकडीत ऊन होतं. त्याने दोरीवरचे सगळे कपडे आत नेले. (आमच्या दर्पणला पुण्याला फोन करून विचारलं तर तो म्हणाला, "पप्पा, ऑनलाइन मागवा ना, साइज टाकायची फक्त." पोरगा इंजिनिअर आहे, पण 'फक्त' हा शब्द कुठे वापरावा ते शिकला नाही.)

बोईसरच्या दुकानांतून शकूला सगळे ओळखायचे, म्हणून तिथे गेलो नाही. तिची स्कूटर काढली आणि उमरोळीवरून पालघरला गेलो. पितृपक्षात नवे कपडे कोण घेतं? दुकानात मी एकटा. त्यामुळे सगळे नोकर माझ्याभोवती जमले. गर्दी असती तर मी मागच्या मागे निघून तरी आलो असतो. वैभवी नावाची एक मुलगी पुढे आली. तिने विचारलं, "मॅडमची फिगर कशी आहे काका?" मी म्हटलं, मध्यम. ती म्हणाली, "मध्यम असं काही नसतं." मग तिने मोबाइलवर चित्रं दाखवली. एक बाई पेरासारखी, एक सफरचंदासारखी, एक वाळूच्या घड्याळासारखी. स्वातीवहिनींना यातल्या कशात बसवायचं, हे ठरवताना मला घाम फुटला.

मुलगी हुशार होती. कंटाळा न करता तिने समजावून सांगितलं. खाली रुंद असेल तर खालून घेर सुटणारा टॉप घ्यायचा आणि नक्षी गळ्याशी, म्हणजे बघणाऱ्याची नजर वर जाते. पोट असेल तर पोटाशी चुण्या नकोत, पट्टा नको, वरूनच सरळ सुटलेला हवा. खांदे रुंद असतील तर फुग्याच्या बाह्या नकोत, गळा खोल हवा. उंची कमी असेल तर उभ्या रेघा, आणि ओढणी एकाच खांद्यावरून सरळ खाली. बारीक असेल तर उलट आडवी नक्षी आणि जाडसर कापड. बघणाऱ्याची नजर कुठे जावी आणि कुठे जाऊ नये याची एवढी व्यवस्था कपड्यात केलेली असते, हे मला आत्ता कळलं. शकू एवढं सगळं करून दारात उभी राहत असेल, आणि माझी नजर घड्याळाकडे.

ते असो. मुलगी म्हणाली, "डोळे मिटा आणि मॅडम कशा आहेत ते सांगा." मी डोळे मिटले. स्वातीवहिनींपासूनच सुरुवात केली होती, हे तुम्ही खरं माना. मी म्हटलं, माझ्या खांद्याला लागतात. खांदे उतरते आहेत, ओढणी टिकत नाही. पाठ रुंद. डावा दंड उजव्यापेक्षा जरासा भरलेला, तिथे काचलं की दिवसभर चिडचिड करतात. उकाड्यात मानेला पुरळ येतं, म्हणून बंद गळा नको. स्कूटरवर बसायचं असतं, तेव्हा बाजूचे कट लांब हवेत. लाल नको, लालात आपण सावळ्या दिसतो असं म्हणतात, तसं काही नाही, पण म्हणतात. मुलीने ऐकून घेतलं आणि बाकीच्या मुलींना म्हणाली, "बघा गं, काकांचं काकूंकडे किती लक्ष आहे. आमच्या ह्यांना माझे डोळे कसे आहेत ते विचारा, चष्मा सांगतील." मग तिने एक शेवाळी रंगाचा ड्रेस काढला, स्वतःच्या अंगाला लावला आणि मला म्हणाली, खांद्याशी जरा धरा, लांबी बघू. मी धरला. नेमका तेव्हाच सुजित काचेबाहेरून चालला होता. हीच ती तरुण बाई. तिला दोन मुलं आहेत.

घरी येऊन ड्रेस स्वातीवहिनींना दिला. म्हटलं, घालून बघा, नवमीला घोटाळा नको. त्या आत गेल्या आणि बऱ्याच वेळाने बाहेर आल्या. अक्का, स्वातीवहिनी माझ्याएवढ्या उंच आहेत आणि अंगाने वाळल्या शेंगेसारख्या. ड्रेस खांद्यावरून घसरत होता, पाठीत हवा भरली होती आणि लांबी गुडघ्यापर्यंतही पोचत नव्हती. हितेशला हसू आवरेना. तो म्हणाला, "भाऊ, एवढ्यात ही आणि मी दोघं मावू." वहिनी मात्र हसल्या नाहीत. त्यांनी डाव्या बाहीत बोटं घालून बघितलं आणि मला म्हणाल्या, "भाऊजी, हा शकूताईंचा आहे." मी म्हटलं, नाही हो, आत्ताच आणला, पावती आहे. त्या म्हणाल्या, "आणला असेल. पण आहे त्यांचाच." हितेशने उगाच टीव्हीचा आवाज वाढवला.

दुसऱ्या दिवशी बदलून आणायला पालघरला गेलो. वैभवी म्हणाली, पिशवी द्या, दुसरा देते. पिशवी काउंटरवर ठेवायची एवढंच काम होतं. ते मला जमलं नाही. काकूंना आवडला, असं सांगायला आलो होतो म्हटलं आणि परत फिरलो. ती खूश झाली. तिच्यासाठी तरी ती फेरी वाया गेली नाही.

आता बाईसाठी ड्रेस शोधायचं संपलं होतं, ड्रेससाठी बाई शोधायची होती. मी कुणाला काही बोललो नाही, पण इमारतीत बोलावं लागत नाही. दोघी-तिघी आपणहून येऊन बघून गेल्या. एकीला खांदे आले तर कंबर अडली, दुसरीच्या डोक्यातून उतरेचना, कात्री आणायची वेळ आली होती. पहिल्या मजल्यावरच्या आजी त्यांच्या विधवा भाचीचा फोटो घेऊन आल्या. मी घाईने म्हटलं, विधवा चालणार नाही, मला नवरा जिवंत असलेलीच पाहिजे. आजी फोटो पदरात झाकून जिना उतरल्या. (नंतर स्वातीवहिनींनी जाऊन त्यांना नवमीचं सांगितलं. पण त्या अजून मला बघून दार लावतात.)

सातपाटीची मासेवाली चिमीबाई, जिच्याकडून शकू सरंगा घ्यायची, तिने पाटी जिन्यात उतरवली आणि म्हणाली, "दादा, मना द्या की त्यो डरेस. मी हाय सवाशीण. माजा म्हातारा अजून बोटीवर जातो, मरत नाय." तिने तो अंगाला लावला, उजवीकडे बघितलं, डावीकडे बघितलं. "नाय ओ. यात माजा एक हात जाल. बाकीच्याला शिडाचा कापड जोडाया लागल." मग घडी घालून माझ्याकडे दिला आणि जाताना म्हणाली, "बाय असती तर लय हसली असती आपल्याला." मलाही तसंच वाटलं.

तर असं सगळं आहे. स्वातीवहिनी म्हणाल्या, साडी आणा, मी साडी नेसून बसते. गुरुजींचीही हरकत नाही. तेव्हा साडी आणायची असं ठरलं आहे आणि प्रश्न मिटला आहे. माझं लग्नबिग्न काही नाही. तुम्ही मनात काही ठेवू नये. दाजींना नमस्कार, तब्येतीस जपावे.

आपला,
पंढरी

ता. क. प्रश्न मिटला असं वर लिहिलं आहे, पण साडी अजून आणलेली नाही. वर्षश्राद्धाच्या दिवशी तुम्ही आमच्या ओट्याशी पाठमोऱ्या उभ्या होतात, पोळ्या लाटत. मी पाणी प्यायला आत आलो आणि तसाच बाहेर जाऊन जिन्यात उभा राहिलो. पंगत उठेपर्यंत तिथेच होतो. मी तुम्हाला टाळलं असं तुम्हाला वाटलं आणि तुम्ही संध्याकाळच्या एसटीने निघून गेलात. टाळलंच होतं. तेच खांदे, तीच पाठ. मला समोरून येऊन काही बोलता आलं नाही. गुरुजींना मी विचारून घेतलं आहे, सवाष्ण म्हणून गेलेलीची सख्खी बहीण चालते. सुजित अष्टमीला परत निघणार आहे, त्याच्याबरोबर याल का? तुम्ही जन्मात ड्रेस घातलेला नाही हे मला माहीत आहे. घरात गुरुजी, स्वातीवहिनी आणि मी, एवढेच असू. गुरुजींची नजर तशीही अधू आहे. दाजींना सांगायचं की नाही ते तुम्ही ठरवा.

ता. क. २. तुम्ही तिच्यापेक्षा अंगाने थोड्या भरलेल्या आहात. हे माझं मत नाही, शकूचं आहे, आणि तुम्हाला सांगू नका असं तिने बजावलं होतं. त्या हिशेबाने काल टेलरकडून दोन्ही बाजूंची शिवण सोडवून आणली. तो म्हणाला, "साहब, अब ये दुकानवाला वापस नहीं लेगा." मी म्हटलं, नको घेऊ दे. तेव्हा आता तो दुकानाचा राहिला नाही, आणि अगदी शकूच्याही मापाचा राहिला नाही. आता होईल तो फक्त तुम्हालाच.