नऊ सेकंदांचं तिकीट

९ फेब्रुवारी, सोमवार
दुपारचे चार

लाडके टिंगू,

कशी आहेस? मामांकडे करमतं का? मामी जेवताना आग्रह करकरून जीव नकोसा करत असेल ना?

परवा काकू जिन्यात भेटल्या. म्हणाल्या, "आमची पोर फोनला हातसुद्धा लावत नाही गं. तू कागदावर लिहिलंस तर वाचेल. तुझंच वाचेल." मामांचा पत्ता माझ्या मुठीत कोंबला आणि गालावरून हात फिरवला. म्हणून हे पत्र.

इकडे सगळं ठीक. गणिताच्या सरांचं लग्न ठरलंय, त्यामुळे ते गृहपाठ तपासायला विसरतात. बोर्डाची परीक्षा जवळ आली म्हणून बाबांनी माझा फोन कपाटात टाकलाय, दिवसाला एक तास मिळतो. पहिले चार दिवस मी सारखी खिसा चाचपत होते. अंगठा तर जेवतानाही आपोआप वरखाली होतो. आईला वाटलं लचकलाय, तिने तेल चोळून दिलं!

हसलीस का? नसशीलच.

मामी, पाकीट तुम्ही उघडलं असेल, तर इथून पुढचं तिलाच वाचू द्या.

टिंगू, सप्टेंबरात तू तो व्हॉइस मेसेज पाठवला होतास, आठवतो? बसमध्ये पहिल्यांदा तू स्वतः तिकीट मागितलंस, आईने नाही. "ति-ति-ति" करत अडकलीस, मागचे लोक कुरकुरले, तरी मागितलंस. सांगतानाही त्याच शब्दावर अडकलीस आणि शेवटी स्वतःच खदखदून हसलीस. आपल्या तिघींच्या ग्रुपवर टाकला होतास. तू, मी आणि लांबडी. वर्गात तोंड न उघडणारी तू आमच्या दोघींशी मात्र तासन् तास बोलायचीस.

तो मी कापला. नऊ सेकंद ठेवले, फक्त अडकलेले. मागे ढोलकीचा ठेका दिला आणि खोट्या नावाच्या खात्यावरून टाकला. तुझं ते हसणं मी कापून टाकलं, कारण त्याने मजा जात होती.

का केलं, हे तुला विचारावंसं वाटेल. मोठं काही कारण नाही. माझे नाचाचे व्हिडिओ चाळीस जण बघायचे, त्यातली अर्धी माझीच मावसभावंडं. हा दोन दिवसांत अकरा हजारांवर गेला. अनोळखी लोक त्यावर ओठ हलवून व्हिडिओ करायला लागले. विज्ञानाच्या तासाला बाकाखाली तो आकडा चढताना बघून माझे कान गरम व्हायचे.

मग वर्गात कोणीतरी आवाज ओळखला. हजेरीला तुझं नाव आलं की मागून "ति-ति-तिकीट" सुरू. एकदा तर बाईही हसल्या.

त्या संध्याकाळी तू माझ्या घरी आलीस आणि माझ्या कुशीत शिरून रडलीस. मी एका हाताने तुझी पाठ थोपटत होते. फोन माझ्या मांडीखाली थरथरत होता. दुसऱ्या हाताने काढून मी आकडा बघितला. एकवीस हजार.

मेसेज ऐकणाऱ्या दोघीच होत्या. त्यातली मी नाही, हे तू विचारही न करता ठरवून टाकलंस. "लां-लांबडीने केलं असेल?" तू विचारलंस. मी म्हटलं, "परवा ती तुझी नक्कल करत होती. तुला वाईट वाटेल म्हणून बोलले नाही."

लांबडीने कधीच तुझी नक्कल केली नाही.

मोठ्या बाईंच्या खोलीत त्या तुला म्हणाल्या, "लिहून दे बाळ." तू मान हलवलीस. "बो-बोलते." चार मिनिटं लागली तुला. घामाने निथळलीस, पण पूर्ण वाक्य बोललीस, लांबडीच्या तोंडावर. मी शेजारी उभी होते. मला तुझा अभिमान वाटला, खरंच. लांबडी नुसती म्हणत राहिली, "मी नाही केलं, शप्पथ." तिच्या फोनमध्ये तो मेसेज सापडला. सापडणारच, ग्रुपवर होता. खोटं खातं कोणाचं, हे कोणी शोधलंच नाही. बॅडमिंटनच्या अंतिम सामन्याआधी तिला संघातून काढलं आणि तिच्या वडिलांनी शाळेतून.

मग संघातल्या मुलींनी तुझ्याशी बोलणं टाकलं. तुझ्या बाकावर 'चुगलखोर' कोरलं. तेवीस नोव्हेंबरपासून तू गप्प झालीस. शाळेत, घरी, माझ्याशीही. तुला शाळेतून काढून मामांकडे पाठवताना काकू मला म्हणाल्या, "तू होतीस म्हणून एवढे दिवस तरी तिने तग धरला."

गुरुवारी मी मोठ्या बाईंना सगळं सांगितलं. त्यांनी उठून दार लावून घेतलं.

"आणखी कोणाला बोललीस?"

"नाही."

"मग बोलूही नकोस. परीक्षा तीन आठवड्यांवर आहे. शाळेतून पहिली येणारी मुलगी तू. त्या दोघीही आता इथे नाहीत. उगाच उकरून कोणाचं भलं होणार?"

बाहेर आले. डबा अख्खा संपवला. घरी येऊन गाढ झोपले. टिंगू, मला मोकळं वाटलं गं. रडू नाही आलं. उठल्यावर गणिताचा एक धडाही झाला.

लांबडीचा नंबर मागच्या बाजूला लिहिलाय. मी तिला फोन केलेला नाही. तीनदा आकडे दाबले आणि पुसले. हे पत्र तिला दाखव, काकूंना दाखव, शाळेत आणून दे. मी नाकारणार नाही. पण आपण होऊन कोणापुढे उभं राहणं आता माझ्याच्याने होणार नाही. म्हणजे परत बोलायचं काम तुझ्याच गळ्यात. कळतंय मला.

माफी मागत नाही. दिलीस तर मी ती घेऊन निवांत पहिली येईन, एवढी मी स्वतःला ओळखते.

मामा-मामींना नमस्कार. उत्तर पाठवू नकोस. आलं तर ते उघडायची माझी छाती नाही.

जिने हे केलं,
ती मी