अर्धी टोपली आणि येता दौरा

मी, वेताच्या टोपल्या विणून संसार चालवलेली विधवा, वय वर्षे एकाहत्तर, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवते. डोकं ठिकाणावर आहे. संताप पुष्कळ आहे, पण संताप म्हणजे वेड नव्हे, असं वकीलबाईंनी सांगितलं आहे. आधीचं मृत्युपत्र रद्द समजावं. ते मुलगा शेजारी बसून सांगत होता आणि मी लिहीत होते.

१. राहतं घर माझ्या कष्टाचं आहे. ते सुनेला. मुलाने त्यात राहावं, सुनेला चालत असेल तर.

२. वेत सोलायचा सुरा, टोच्या आणि भिजवायचं टाकं, तेही सुनेला. माझ्यानंतर हे काम तिलाच येतं.

३. पुढच्या खोलीत मुलाची संस्था आहे. वेगवेगळ्या खंडांतल्या आमच्यासारख्या आदिवासींनी एकमेकांकडे जावं-यावं, एकमेकांचं काम शिकावं, म्हणून ती काढली. आजवर दर दौऱ्याला गेला तो एकटा मुलगा. याला वेताची गाठ मारता येत नाही. तिकडे भाड्याचा पिसांचा मुकुट घालून 'आमची संस्कृती' दाखवतो. आमच्यात कोणी डोक्यात पीस खोचल्याचं माझ्या आजीनेही ऐकलं नव्हतं. मुकुट भाड्याचा असल्याने तो त्याच्या नावे करता येत नाही, याचं वाईट वाटतं.

४. काचेच्या कपाटातली अर्धी टोपली. गेल्या वर्षी समुद्रापलीकडचे पाहुणे आले. मुलाने पुढच्या खोलीचं सभागृह करून भाषणं ठेवली आणि मला म्हणाला, "आई, तू स्टेजवर नको. या कपड्यांत अस्सल वाटत नाहीस." मी मागच्या खोलीत विणत बसले. पाहुण्यांतली एक म्हातारी, तीही वेतकाम करणारी, भाषणं सोडून आत आली, मांडी घालून बसली आणि माझ्या टोपलीची दुसरी बाजू धरली. भाषा कळत नव्हती, हात चालत होते. तिने तिची वीण दाखवली, मी माझी. इतका आनंद मला लग्नातही झाला नव्हता.

आणि हा आला. "चला, चला, फोटो राहिलाय, बस उभी आहे!" दंडाला धरून तिला उठवलं. भिजवलेला वेत अर्ध्यावर सोडायचा नाही, हे आमच्यात शेंबडं पोरही जाणतं. म्हातारी कडाडली. पाहुण्यांसोबतचा दुभाषी म्हणाला, "त्या आभार मानताहेत." डोंबलाचे आभार! नंतर त्याला कोपऱ्यात गाठला, तेव्हा खरं बोलला: "त्या म्हणाल्या, आमच्याकडे हातातलं काम सोडायला लावून उठवणं म्हणजे घराबाहेर काढणं. माझं काय चुकलं, असंही विचारलं त्यांनी."

ती अपमान घेऊन गेली, आणि तो माझ्या घरात झाला. हे मला गिळता येत नाही. मुलाने मात्र ती टोपली काचेत ठेवून पाटी लावली: 'दोन खंडांची मैत्री.' लाज कोळून प्यायला आहे.

५. संस्थेला पुढची खोली हवी असेल तर अट एकच. येता दौरा त्या म्हातारीच्या गावी आहे, त्याला सून जाईल, मुलगा नाही. टोपली सोबत न्यावी, तिथे भिजवावी, म्हातारीपुढे ठेवावी आणि आधी माफी मागावी. तिने दुसरी बाजू धरली तर दोघींनी विणून पुरी करावी. नाही धरली तर टोपली तिथेच ठेवून मुकाट्याने परत यावं. तो तिचा हक्क आहे. अट मोडली तर सुनेने खोलीला कुलूप घालावं.

६. वकीलबाई म्हणतात, जिवंतपणीच्या गोष्टी मृत्युपत्रात लिहीत नाहीत. तरी लिहिते. दौरा माझ्या मरणाआधी निघाला, तर कोणी हे कागद उघडत बसू नये. मीच जाते. पासपोर्टला अर्ज केला आहे.

सही: स्वतःच्या हाताने
साक्षीदार: १. शेजारचा शिंपी २. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई
स्थळ: राहतं घर, मागची खोली
दिनांक: ९ मार्च