मैत्रीची हॉकीची बॅग

रविवार, ५ जानेवारी. दुपार.
मटण अर्धा किलो आणलं. शिजत आलं तेव्हा बरोबर अकराला मैत्रीचा फोन. आजी, आज पण येत नाही, हॉकीची प्रॅक्टिस आहे. म्हटलं, बरं. आमच्यात पोरी चौथीच्या पुढं गेल्या नाहीत, माझी नात मैदानापर्यंत गेली. दिवाळीपासून एकाही रविवारी आली नाही, म्हणजे काय मेहनत घेत असेल.
एकटीच जेवले. एकटं वाटलं नाही. टीव्ही चालू होता.

सोमवार, ६ जानेवारी
कालचंच मटण. जेवताना ठरवलं. हॉकी पोरीला इकडं येऊ देत नाही ना, मग आपण हॉकीकडं जायचं. पण दाताड काढून बघत बसणाऱ्यातली मी नाही. खेळायला शिकून जाणार. महिना पुष्कळ झाला.
सामान घरातच आहे. मैत्री दिवाळीत बॅग विसरून गेली ती दिवाणाखाली पडली आहे. स्टिक, नडगीचे पॅड, दातांचं रबर. तिच्याकडं दुसरं असणारच. माझा प्रज्ञेश खराडीला एवढ्या मोठ्या ऑफिसात आहे, लेकीला एका स्टिकवर ठेवील का?

बुधवार, ८ जानेवारी
बॅगेत कागद निघाला. मैत्रीच्या हातचा. वर मैदानाचा पत्ता, खाली कोचबाईंचे नियम. वाचायला अर्धा तास लागला. अक्षर बापावर गेलंय. स्टिक कमरेच्या वर न्यायची नाही. पॅडशिवाय मैदानात पाय नाही. दातांना गार्ड. आधी अंग मोकळं करायचं. मधे पाणी प्यायचं. दमलं तर सांगायचं, लपवायचं नाही.
असा कागद लग्नात हातात दिला असता तर बरं झालं असतं.

शनिवार, ११ जानेवारी
आज दातांचं रबर. पाकिटावर चित्र आहे. उकळत्या पाण्यात टाका, काढा, जरा निवलं की चावा, म्हणजे दातांच्या मापाचं होतं. टाकलं, काढलं, चावलं. मापाचं झालं. फारच झालं. कवळी सोडेना.
खालच्या मजल्यावरच्या चंपाला हाक मारायला गेले तर नुसती हवा निघाली. शेवटी ताटावर चमचा वाजवला. तिनं येऊन चमच्यानंच रबर उपसलं. जमिनीवर बसून हसली. म्हणाली, इंदुबाई, तुमच्या दातांना कोण मारणार, ते तर रात्री वाटीत असतात.
मुद्दा बरोबर आहे. कवळी घरी ठेवून खेळायचं. दातच नाहीत तर तुटणार काय? पुण्यातली सगळ्यात सेफ खेळाडू मीच.

रविवार, १२ जानेवारी
फोन. प्रॅक्टिस. पोरगी घाईत होती. मागं गाणी चालली होती आणि कोणीतरी केक काप म्हणत होतं. हल्ली मैदानावर सगळं मिळतं.
मटण पाव किलोच आणलं होतं. अंदाज असतो माणसाला.

गुरुवार, १६ जानेवारी
हॉकीचे प्रकार पुष्कळ आहेत. चंपाच्या मोबाईलवर पाहिले. मैदानातली, हॉलमधली, चाकाच्या बुटांवरची, बर्फावरची. बर्फावरची आमच्या धायरीत होणार नाही. बाकी एकेक करून बघायचं ठरलं.
हॉलमधली: सोसायटीच्या हॉलची किल्ली सेक्रेटरी श्रीनिवासांकडं. कशाला हवी विचारलं. सांगितलं. नाही म्हणाले.
चालत हॉकी: म्हाताऱ्यांसाठी आहे. पळलं की फाऊल. पार्किंगमध्ये टेनिसचा चेंडू घेऊन खेळलो. मी स्टिक, चंपा झाडू. अंग मोकळं केलं, पाणी प्यायलो, तेवढ्यातच दमलो. नियमाप्रमाणे सांगितलं, लपवलं नाही.

शुक्रवार, १७ जानेवारी
खुर्चीतली हॉकी. ही मी काढली. चेंडू श्रीनिवासांच्या गाडीखाली गेला. उठायचं कोणी, यावर वीस मिनिटं गेली.

शनिवार, १८ जानेवारी
लिफ्टजवळ सूचना लागली. पार्किंगमध्ये हॉकी व तत्सम खेळ खेळू नयेत. वयाची सबब चालणार नाही.
असू दे. मूळ गोष्टी आल्या आहेत.

रविवार, २६ जानेवारी
फोन. पुढच्या रविवारी मॅच आहे म्हणाली. विचारलं, मी येऊ का बघायला? आजी, तुला दोन बस, ऊन, नको. किती काळजी!
प्रज्ञेशला फोन केला. तो म्हणाला, आई, कशाला धडपडतेस, पुढच्या महिन्यात आम्हीच येतो. त्याचा पुढचा महिना गणपतीपासून चालू आहे.
मी जाणार. न सांगता. पोरगी गोल मारील आणि बघते तर आजी!

रविवार, २ फेब्रुवारी. संध्याकाळ.
सकाळी सातला निघाले. लुगड्याखाली पॅड. पट्टे तुटलेत म्हणून चंपानं नाड्यांनी बांधले, खाली बसून घट्ट गाठी मारल्या. मग ती लेकीकडं गेली. डब्यात मटण, हातात स्टिक. स्वारगेटला बसच्या गर्दीत पॅडचा फार उपयोग झाला. सगळ्यांनीच घालावेत.
मैदान सापडलं. कोचबाई निशा नावाची, चांगली पोरगी. म्हटलं, मैत्रीची आजी. ती म्हणाली, मैत्री? आजी, तिनं दिवाळीआधीच सोडलं की. म्हटलं, आज मॅच आहे ना? म्हणाली, आज मॅच नाहीये, आजी. सावलीत बसा, पाणी घ्या.
बसले. अकराला फोन वाजला. आजी, मॅच सुरू होतेय, ग्राउंडवरच आहे. म्हटलं, बरं. पॅड घातलेस? हो. दातांचं रबर? हो गं. स्टिक कमरेच्या वर नको नेऊ. नाही नेत. बरं, खेळ नीट.
दुसरं ग्राउंड असेल. पुण्यात काय एक ग्राउंड आहे?
निशानं विचारलं, एका नव्या मुलीकडं स्टिक नाही, ही ठेवू का? म्हटलं, नको, मैत्रीला लागते. मग म्हणाली, आलात तर एक चेंडू मारून जा. मारला. सरळ जाळीत गेला. पोरी ओरडल्या. आमच्यातलं कोणी नव्हतं बघायला.
डबा पोरींनी संपवला. चव आहे म्हणाल्या.
घरी येऊन दोन तास झाले. स्टिक दिवाणाखाली ठेवली. पॅड अजून पायातच आहेत. वाकून गाठी सुटत नाहीत. चंपा उद्या दुपारी येणार.
सेफ आहे तोवर.