जीपमधली डावी सीट

४ नोव्हें.
चारठाण्याला जाऊन आलो. तुरीचं औषध आणायचं होतं. माझं तिथं काय काम? काहीच न्हाई. पण ह्यांना एकट्याला जीप घेऊन जाऊ द्यायचं न्हाई असं मीच ठरवलंय. डावीकडचं दिसतच न्हाई आता ह्यांना. म्हणून डाव्या सीटवर बसून मी सांगत राहते. "शेळ्या आल्या." "पोरगं हाय सायकलवर." "गतिरोधक." बघणाऱ्याला वाटतं म्हातारा-म्हातारी गप्पा मारत चाललेत.

पारावरून ट्रॅक्टरवाला सखाराम वरडला, "काकी, ह्या वयात काकांना घडीभर सोडवंना व्हय!" सगळे हसले. हे पण हसले. मीच तेवढी कसनुशी.

७ नोव्हें.
लेकीचा, मनीषाचा, जपानहून फोन. जावई तिथं गाड्यांच्या कारखान्यात. नवी गाडी घेतली, व्हिडिओवर दाखवली. एवढीशी, चौकोनी, जेवणाच्या डब्यावाणी. तिथं म्हणे गाडी घ्यायच्या आधी ती उभी कुठं करणार ते दाखवावं लागतं, पोलिसाकडून कागद आणावा लागतो. हे लय हसले. आमी जीप घेतली तवा गावानं एकच विचारलं होतं, किती बसतात? हे म्हणले, अकरा. पुढं लग्नसराईत सतरा बसले, टपावर बोकड वेगळा. आणि तिथं हॉर्न वाजवला तर लोकांना राग येतो. इथं न वाजवला तर येतो!

मग म. म्हणाली, शेजारच्या आजोबांनी लायसन परत केलं. आपल्या पायानं ठाण्यात जाऊन. पोरांनी फुलं दिली, हॉटेलात जेवायला नेलं. सत्तरीच्या पुढच्या माणसाच्या गाडीवर पानांचं एक चिन्ह लावतात, ते दिसलं की बाकीचे जपून चालवतात. "बाबा, तुमी पण आता..." ह्यांनी फोन माझ्याच हातात दिला आन उठून गेले.

तिला डोळ्याचं सांगितलेलं न्हाई. ह्यांनी शपथ घातलीय.

८ नोव्हें.
डोक्यात तेच चाललंय. तिथल्या म्हाताऱ्यानं गाडी सोडली तर बस हाय, टायमावर येते. इथं एस.टी. आली तर आली. आणि जीप काय ह्यांच्या एकट्याची हाय? बाळंतीण न्या, साप चावलेला न्या, नवरदेव आणा. दारात आलेल्याला हे कधी न्हाई म्हणले न्हाईत. गावात ह्यांना नावानं कोण ओळखतं? जीपवाले काका. जीप काढून घेतली तर मागं काय उरतं, मला तर विचार करवंना.

१२ नोव्हें.
परभणीला डोळ्याच्या डॉक्टरकडं. काचबिंदू. गेलेली नजर परत येत न्हाई, हाय ती थेंब टाकून टिकवायची. डॉक्टरनं विचारलं, गाडी चालवता का? हे म्हणले, "छे, पोरगा चालवतो." आमाला पोरगाच न्हाई! मी खाली मान घालून बसले. खोट्यात मी पण सामील.

येताना जिंतूरच्या अलीकडं मला डुलकी लागली. दचकून बघते तर डाव्या चाकापाशी मोटरसायकल. मागं बाई, मांडीवर लेकरू. मी वरडले. ह्यांनी जीप उजवीकडं दाबली, थोडक्यात निभावलं. तर मलाच म्हणतात, "तू झोपलीस कशी?" मी! अंगाचा तिळपापड झाला. ते लेकरू डोळ्यापुढून हलंना.

१५ नोव्हें.
चावी तांदळाच्या डब्यात ठेवली. दिवसभर हुडकली ह्यांनी. मी म्हणलं, मला काय माहीत. हुडकताना कपाटाच्या दाराला डावा खांदा लागला. मी जाऊन दार लावून घेतलं.

१८ नोव्हें.
दिवेलागणीला खालच्या वस्तीवरचा बाळू पळत आला. मेंढ्या राखतो तो. बायको अडलेली. अँब्युलन्स येलदरीकडं दुसऱ्या पेशंटला घ्यायला गेलेली, यायला वेळ लागंल. "काका, चला जल्दी." दारात ही गर्दी. हे टोपी घालून तयार. "चावी दे. तुझ्यापाशीच हाय, ठाऊक हाय मला." मी हलले न्हाई. "अगं, दे ना! पोरगी तळमळायलीय तिकडं."

मला दुसरं सुचलंच न्हाई. म्हणलं, "ह्यांना दिसत न्हाई. डावीकडचं काहीच दिसत न्हाई. चावी देते, पण चालवायची दुसऱ्यानं."

ह्यांच्याकडं बघायची माझी हिंमत झाली न्हाई. गर्दीतल्या सखारामनं चावी घेतली, मी पोरीपाशी मागं बसले. जिंतूरच्या दवाखान्यात मुलगी झाली. दोघी बऱ्या हायेत. येताना सखाराम म्हणला, "म्हणून तुमी संग जायच्या व्हय, काकी." पुढं चेष्टा केली न्हाई त्यानं. केली असती तर बरं वाटलं असतं.

२० नोव्हें.
हे बोलत न्हाईत. ताट ठेवलं की जेवतात. आज एवढंच म्हणले, "आधी मला विचारायचं होतंस."
"विचारलं असतं तर?"
"न्हाई म्हणलो असतो."
"मग?"
ह्यांनी कूस बदलली.

बाळू जिलेबी घेऊन आला. सखाराम बसलेला होता, आधी त्याच्या हातावर ठेवली, मग ह्यांच्या. बाळूच्या मनात काही नसंल. पण ह्यांनी पुडा तसाच पेटीवर ठेवला, मुंग्या लागल्या.

२३ नोव्हें.
म.ला सगळं सांगितलं. रडली. "आई, बरोबर केलंस तू." तिथं फुलं देऊन गाडी सोडवतात माणसाला. मी भर दारात, गावापुढं इज्जत काढली. बरोबर असंल, पण जन्मभर पचायचं न्हाई मला हे.

सांजच्याला वरच्या आळीत कुणाला तरी ताप चढला. चारठाण्याहून भाड्याची गाडी मागवली त्यांनी. आपल्या दारावरूनच गेली. हॉर्न ऐकून हे उठून उभे राहिले. मग बसले.

२६ नोव्हें.
दुपारी चावी मागितली. "धुतो नुसती." इतक्या दिवसांनी सरळ बोलले म्हणून दिली. न देऊन तरी काय, त्यांचीच जीप हाय. काचा पुसल्या, टायरी घासल्या. आता इंजिन चालू केलंय, बॅटरी उतरंल म्हणतात. मी आत बसून हे लिहायलेय, पण कान सगळा तिकडं. लय येळ झाला, बंद करीनात. हाक मारली. ओ दिली न्हाई. शाळा सुटायची येळ हाय ही, रस्त्यावर पोरंच पोरं असत्याल.

गियर टाकला. शेजारी जाऊन बसू का जीपपुढं उभी राहू