सवयीचा चारा

४ ऑक्टोबर
पोचलो. टास्मानियातल्या रानाची रखवाली अखेर पन्नाशीत पदरी पडली. रान म्हणजे, होतं. गेल्या उन्हाळ्यात निलगिरी तोडून नेली, बुंधे जाळले, राखेत बी पेरलं. आता करंगळीएवढे कोंब उभे आहेत; माझ्या शाळेतली मुलंही इतकी शिस्तीत कधी उभी राहिली नाहीत. ते वॉलबींनी, म्हणजे इथल्या छोट्या कांगारूंनी, खाऊ नयेत, एवढंच काम. खोपी कोरडी, चहा फक्कड. वरिष्ठ आयव्हीबाई म्हणाल्या, मास्तर, झाडांना शिकवायला जाऊ नका म्हणजे झालं.

६ ऑक्टोबर
सकाळी पायरीवर पांढरा ढीग. निलगिरीतून झरून वाळलेले गोड कण. लहानपणी इकडेच झाडाखाली वेचून खायचो तेच. मात्र आसपास मोठं झाड एकही उरलेलं नाही. बाईंना विचारलं. म्हणाल्या, मी काय तुमची आई आहे, खाऊ ठेवायला? खाल्ला. अमृतोपम.

९ ऑक्टोबर
ढीग रोज वाढतोय. पाव तसाच पडून. आज बाईंनी वॉलबींची युक्ती दाखवली. चरीत आधी नुसती गाजरं टाकायची, रोज थोडी जास्त. भीड चेपली की मग विषाची. म्हणाल्या, आपण फक्त सवय लावायची, मास्तर. पुढचं ती स्वतःच करतात.

१३ ऑक्टोबर
मेलेल्या वॉलबी पोत्यांत भरल्या. फेसाळ तोंडं, फुगलेली पोटं, दातांत केशरी लगदा. एक अजून चघळत होती. ओकलो. ओकारी पांढरी, चिकट. लगेच मुंग्या लागल्या. आणि मला—लिहायलाही किळस येते—ती चाटावीशी वाटली.

१५ ऑक्टोबर
पायरीभोवती कोंब. काल नव्हते. पानांतून लाळेसारखं ठिबकतंय, खाली ढीग साचतोय. रान खरे खाणारे कोण, हे कोंबांना कळलेलं दिसतं. बाईंना सगळं सांगितलं. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, उद्या गाडी आणते, तोवर तोंडाला लावू नका, तुम्हाला माझी शपथ.

१६ ऑक्टोबर
आजचा ढीग काळपट. वास कडू. दार लावून बसलोय. जीभ चमच्याने खरवडली—पांढरा थर, संपतच नाही—गाडी अजून—

दुपार
मी पायरीवर. गुडघ्यांवर. दार कोणी उघडलं—मीच असणार. हनुवटी चिकट, दाढीत मुंग्या. कडू आहे. थुंकतोय. लांबून गाडीचा आवाज—बाई हाका मारताहेत—

थांबा म्हणावं. वरचाच थर कडू आहे. खाली, तळाशी, अजून थोडं गोड—