डावा सेट

५ नोव्हेंबर

प्रिय डावऱ्या,

अनेक आशीर्वाद. मागच्या पत्राला तुझं उत्तर नाही, तरी मीच पुन्हा लिहितेय. मोठी बहीण होण्याचे सगळे तोटे माझ्याच वाट्याला आले आहेत, हे एकदा मान्य करून टाक. तुम्ही सगळे बरे असाल. तुझ्या बायकोला विचारलंय म्हणून सांग. लेकीचे पुढचे दात आले का?

इकडे आईचं बरं चाललंय. गुडघे कुरकुर करतात, तोंड मात्र ठणठणीत आहे. आपल्या गोल्फच्या रेंजवरची जाळी बदलली आणि उभं राहून मारायचे नवे मॅट आले. माझ्या दुरुस्तीच्या खोलीला शेवटी एकदाची खिडकी मिळाली, त्यामुळे आता गोंदाच्या वासानं डोकं धरत नाही.

आता कामाचं. एक गिऱ्हाईक आलंय. वयस्कर आहे, उजवा हात कामातून गेलाय, डावा चांगला आहे. त्याच्यासाठी डाव्या बाजूनं खेळायचा सेट बांधायचाय. इतकी वर्षं मी क्लबच्या दांड्यांचे शाफ्ट कापतेय, मुठीवर ग्रिप चढवतेय, पण माझ्या हाताखालून गेले ते सगळे उजवे. आपल्या रेंजवर डाव्यानं खेळणारा कधी टिकलाच नाही. का, ते तुला मी कशाला सांगू?

तू तुझ्या कंपनीच्या मैदानावर रविवारी डाव्यानं खेळतोस, असं मला कळवलं होतंस. म्हणून विचारतेय. तुझ्या सेव्हन आयर्नचा शाफ्ट स्टीलचा की ग्रॅफाइटचा? मी हलका ग्रॅफाइट घेतलाय आणि क्लब इंचभर आखूड केलाय, कारण एका हाताला लांब क्लब आवरत नाही. लांब पल्ल्याचे आयर्न क्लब काढून टाकून त्या जागी हायब्रिड क्लब द्यायचा विचार आहे. त्याचा तळ रुंद असतो, जरा मागे लागलं तरी जमिनीत रुतत नाही. ग्रिप जाड केली, तर गिऱ्हाईक मान हलवून नको म्हणतं. बारीक ठेवली तर क्लब हातात फिरतो. बरं, समजावायला जावं, तर असं बघतं की माणसाचा पाणउतारा करायला जीभ लागतच नाही, हे पटतं.

खरी अडचण आहे मनगटाची. नुसत्या डाव्या हातानं डावीकडून मारताना बॉलपाशी येईपर्यंत मनगट आधीच सुटतं. मग क्लब बॉलच्या डोक्याला लागतो आणि बॉल सरपटत जातो. मी सांगते, हातानं ओढू नका, अंग वळू द्या, वजन पुढच्या पायावर जाऊ द्या, क्लब आपोआप येईल. पण पुढच्या पायावर, म्हणजे उजव्यावर, वजन टाकायचा धीर होत नाही. मी मागून पट्टा धरून उभी राहते. तरी होत नाही. मग घामाघूम होऊन खुर्चीत बसणं आणि आईनं येऊन तोंड पुसणं.

झालं, लिहून गेले. आई ज्याचं तोंड पुसते असं गिऱ्हाईक दुसरं कोण असणार?

बाबांना जुलैमध्ये झटका आला. सकाळी शिकवत होते. एका मुलीची क्लबवरची पकड नीट करायला वाकले, ते तिथेच कलंडले. उजवं अंग गेलं. पाय आता काठीच्या आधारानं बराच चालतो, हात नाही. आणि वाचा गेली. 'हो' आणि 'नाही' येतं. बाकी शब्द ओठांपर्यंत येतात आणि तिथेच अडतात. समजतं मात्र सगळं.

तुला कळवलं नाही म्हणून थयथयाट करू नकोस. आईनं कळवू दिलं नाही. म्हणाली, "बाप पडल्यावर मुलगा बघायला आला, असं नको व्हायला. ते उभे राहू देत, मग बोलव." मला पटलं नव्हतं. पण तेव्हा दवाखाना, दुकान आणि घर सांभाळून तिच्याशी भांडायला माझ्या अंगात त्राण नव्हतं. तुला राग आला असेल तर तो रास्त आहे. मलाही आहे, कोणावर ते कळत नाही.

उभे राहायला लागल्यावर त्यांनी पहिल्यांदा काय केलं असेल? काठी टाकून आयर्न हातात घेतला! स्वतःचाच, जुना, जड. पहिल्यासारखे उजवीकडून उभे राहिले आणि एकट्या डाव्या हातानं, बॅकहँडसारखा फटका मारायला लागले. तसं खेळणारे लोक आहेत, नाही असं नाही. पण बाबांच्या त्या खांद्यात तेवढा जोर उरलेला नाही. बॉल मॅटवरून खाली पडायचा, बस. मी डाव्या बाजूचा एक न खपलेला क्लब आणून पुढे धरला, तर त्यांनी तोंड फिरवलं. मी म्हटलं, "अहो बाबा, हात उरलाय तो डावा. खेळ डावीकडूनच सोपा जाईल." तर "नाही". दुसऱ्या दिवशी "नाही". मी कंटाळले आणि नाद सोडला.

मग गेल्या आठवड्यात मी आतल्या खोलीत शाफ्ट कापत होते. बाहेर एक चांगला, भरीव आवाज झाला. तो आवाज आपल्या घरात कोणाला ओळखता येत नाही? बाहेर येऊन बघते तर बाबा बॉलच्या पलीकडच्या बाजूला उभे. हातात त्यांचाच उजवा आयर्न, पण पात्याचं टोक खाली करून उलटा धरलेला. आणि बॉल जाळीच्या अर्ध्यावर.

तो फटका मी आयुष्यात एकदाच पाहिलाय, आणि तो तुझा होता. कनिष्ठ गटाच्या स्पर्धेत तुझा बॉल झाडाच्या बुंध्याला चिकटला होता. उजवीकडून उभं राहायला जागाच नव्हती. तू क्लब उलटा केलास, डावीकडे गेलास आणि बॉल थेट भोकाजवळच्या ग्रीनवर टाकलास. लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि बाबा सगळ्यांसमोर ओरडले, "ही काय सर्कस लावलीय?" तू बॅग तिथेच ठेवलीस आणि मैदानातून चालत निघून गेलास. त्यानंतर त्यांच्यासमोर तू क्लब धरला नाहीस, आणि पुढे घरही सोडलंस.

बाबा वाईट शिक्षक नव्हते रे, हट्टी होते. लहानपणी ते तुझ्यासमोर उभे राहून दाखवायचे आणि तू डावीकडून करायचास. त्यांना वाटायचं, पोरगं आरशात बघितल्यासारखं उलटं करतंय, नीट उभं केलं की सुटेल. खांदे धरून तुला फिरवायचे. तू मुळातच डावरा आहेस, हे त्यांच्या डोक्यात शिरलंच नाही. आईला माहीत होतं, मला माहीत होतं. त्यांना सांगणार कोण?

त्या दिवशी फटका मारून ते क्लबकडे बघत राहिले. मग माझ्याकडे बघून "तो... तो..." म्हणाले. पुढचा शब्द येईना. मी तुझं नाव घेतलं. ते तिथेच मॅटवर बसले आणि रडायला लागले. बाबा रडतात, हे मी पहिल्यांदा पाहिलं. मला काय करावं कळेना, मी आपली बॉल गोळा करत राहिले.

तेव्हापासून डावा सेट चालतो त्यांना. माझ्याकडून शिकायला मात्र तयार नाहीत. मी समोर उभी राहिले की "नाही". "मग कोण शिकवणार? त्याला बोलावू?" विचारलं. "हो." इतकं स्पष्ट की आईसुद्धा स्वयंपाकघरातून बाहेर आली.

आणखी एक गोष्ट आहे, जी लिहायची नाही असं ठरवून बसले होते. डॉक्टर म्हणाले, दुसरा झटका येऊ शकतो. कधी, ते सांगता येत नाही. आला तर हेही राहणार नाही. म्हणून घाई.

मागे फोनवर तू म्हणालास, "ताई, त्या माणसासमोर मला एक वाक्य कधी पुरं करता आलं नाही." खरं आहे ते. आता ते मध्ये बोलणार नाहीत. ये, समोर बस आणि काय बोलायचंय ते बोल. ओरडायचं असेल तर ओरड, मी आईला घेऊन बाहेर जाईन. माफ कर असं मी म्हणत नाही, तो अधिकार माझा नाही. त्यांना शिकवायचं नसेल तर शिकवूही नकोस. एवढंच सांगते, तुझं बोलून झाल्यावर ते गप्प राहतील. ते गप्प राहणं हे त्यांचं उत्तर समजू नकोस.

हे सगळं आत्ता त्यांना वाचून दाखवलं, सर्कशीसकट. मान खाली घालून ऐकलं. "पाठवू?" विचारलं. बराच वेळ ओठ हलत राहिले, काहीतरी मोठं सांगायचं होतं. शेवटी जेवढं येतं तेवढंच म्हणाले.

त्यांच्या त्या एका 'हो'सकट,
तुझी ताई